रेटिंग दहापैकी पाच, म्हणून शाळा वाईट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून बदली होऊन न्यू जर्सीत आलेलं कुटुंब, मुलगी सप्टेंबरमध्ये सहावीत जाणार. जिथे घर परवडतं त्या टाऊनच्या मिडल स्कूलला घरं दाखवणाऱ्या साइटवर १० पैकी ५ रेटिंग आहे. ९ रेटिंगवाल्या शेजारच्या टाऊनमध्ये भाडं महिन्याला हजार-बाराशे डॉलरने जास्त. ऑफिसातला एकजण म्हणतो चार्टर स्कूलचा फॉर्म भरा, दुसरा म्हणतो आता व्हाउचर येतंय, जरा थांबा (या दोन्ही गोष्टी काय आहेत ते पुढे सांगते). शेवटी त्यांनी विचारलंय, इथली पब्लिक स्कूलं (म्हणजे सरकारी, बिनफीच्या शाळा) खरंच इतकी वाईट आहेत का, की जो तो त्यांच्यावरून भांडतोय? आणि ती राज्याची टेस्ट मुलीने द्यायची की नाही?

मी याच राज्यातल्या एका पब्लिक मिडल स्कूलमध्ये बावीस वर्षं गणित शिकवते. आमचा स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था) गरीब आहे, आमच्या शाळेचं रेटिंग तुमच्या ५ पेक्षाही खाली आहे, आणि माझी दोन्ही मुलं पब्लिक स्कूलमध्येच शिकली. उत्तर लांबणार आहे. तो ५ चा आकडा कुठून आला हे नीट कळल्याशिवाय तुम्ही वर्षाला बारा-चौदा हजार डॉलर त्याच्या भरवशावर टाकू नयेत असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रातून निघताना एक सवय सामानाबरोबर येते. शाळेच्या फाटकावर ‘दहावीचा निकाल १०० टक्के’ असा फ्लेक्स लागला की ती शाळा चांगली, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. नववीत किती मुलांना मागे ठेवलं, किती जणांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेर काढलं, हे त्या फ्लेक्सवर नसतं. इथलं रेटिंगही बरंचसं तसंच आहे. त्यातला मोठा भाग राज्याच्या परीक्षेतल्या गुणांवरून येतो. आणि एखाद्या वर्गाचे सरासरी गुण सगळ्यात आधी घरची परिस्थिती सांगतात: आईवडील किती शिकलेत, उत्पन्न किती, मूल बालवाडीत गेलं होतं का, वर्षात किती वेळा घर बदलावं लागलं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या स्कूल डिस्ट्रिक्टचे गुण एका मापात आणले आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. तिसरीतली मुलं कुठे उभी आहेत, ही एक. तिथून आठवीपर्यंत ती किती पुढे सरकतात, ही दुसरी. पहिल्या आकड्याचं घरच्या पैशाशी घट्ट नातं निघालं, दुसऱ्याचं फार सैल. शिकागोच्या पब्लिक स्कूलांना १९८७ मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री विल्यम बेनेट देशातल्या सर्वांत वाईट शाळा म्हणाले होते. रिअर्डन यांच्या मोजणीत २००९ ते २०१४ या काळात त्याच शिकागोतली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सरासरी सहा वर्षांइतकं शिकली. पण सरासरी गुण देशाच्या सरासरीखालीच राहिले. रेटिंग बघून घर शोधणाऱ्या माणसाने शिकागोचं पान उघडून लगेच मिटलं असतं.

म्हणजे वर्गात कोण बसलंय हे सरासरीवरून कळतं, वर्गात काय घडतंय ते कळत नाही. गेली चाळीस वर्षं अमेरिकेतली जवळजवळ प्रत्येक शिक्षण-सुधारणा या दोन गोष्टींची गल्लत करत आली आहे, आणि त्याची किंमत मी माझ्या वर्गात मोजली आहे.

भांडणाचं मूळ १९८३ मध्ये सापडतं. रेगन यांच्या काळात एका राष्ट्रीय आयोगाने अहवाल दिला की शाळांचा दर्जा घसरल्यामुळे देशच धोक्यात आहे. तेव्हा जपानी गाड्या बाजार खात होत्या, लोक घाबरलेले होते, अहवाल सगळीकडे पोचला. त्यानंतर राज्यांनी परीक्षा वाढवत नेल्या. मग ८ जानेवारी २००२ ला धाकट्या बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली. दोन्ही पक्षांनी मिळून केलेला कायदा, सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १० मतं. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, हायस्कूलमध्ये एकदा, आणि २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल ‘प्रोफिशियंट’, म्हणजे ठरवलेल्या पातळीला पोचलेलं. शंभर टक्के. दरवर्षीचा टप्पा चुकला की शाळेवर कारवाई, तीही चढत्या क्रमाने: आधी पालकांना दुसऱ्या शाळेत जायची मुभा, मग फुकट शिकवणी, मग शिक्षक बदलणं, आणि अखेर शाळा राज्याच्या किंवा चार्टरच्या हवाली.

मी २००३ मध्ये नोकरीला लागले, म्हणजे या कायद्यातच वाढले म्हणा.

न्यू जर्सीच्या त्या वेळच्या परीक्षेत १०० ते ३०० गुण असायचे, २०० ला पास. आमच्या शाळेत कॉपी मशीनच्या मागच्या खोलीत एक भिंत होती. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, त्यावर नाव आणि गेल्या वर्षीचे गुण. २०० च्या वर हिरवं, १८५ ते १९९ पिवळं, त्याच्या खाली लाल. एका ऑक्टोबरमध्ये बाहेरून एक सल्लागार बाई आल्या आणि त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं, ‘पिवळ्यांवर लक्ष द्या.’ हिशेब साधा होता. १९२ वाल्या मुलाला आठ गुणांनी वर काढलं की शाळेचा टक्का वाढतो. १४० वाल्याला चाळीस गुणांनी वर काढलं तरी कार्ड लालच राहतं, टक्का जागचा हलत नाही. हिरव्यांना काही लागतच नाही असं गृहीत धरलेलं. शाळा सुटल्यानंतरची शिकवणी, शनिवारचा वर्ग, माझा मोकळा तास, सगळं पिवळ्या कार्डांच्या वाट्याला गेलं.

फेब्रुवारी २०१० मध्ये, एका मंगळवारी, माझ्या सातवीच्या वर्गात हैतीहून एक मुलगा आला. जानेवारीच्या भूकंपातून वाचून मावशीकडे आलेला. इंग्रजी अजिबात नाही. नियम असा होता की नव्याने देशात आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी वाचनाच्या परीक्षेतून सूट मिळते, गणिताची मात्र द्यावी लागते. त्याची वही माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे. भागाकार करताना तो भाजक उजवीकडे लिहायचा, त्याखाली आडवी रेघ ओढायचा आणि उत्तर त्या रेघेखाली मांडायचा. ही फ्रेंच पद्धत, हैतीत तशीच शिकवतात. साडेतीन लिहिताना मधे टिंबाऐवजी स्वल्पविराम द्यायचा. पहिल्या आठवड्यात मी त्या उत्तरांवर लाल फुल्या मारल्या होत्या. मग एकदा त्याने तीन अंकी भाजकाचा भागाकार माझ्यासमोर उभं राहून, एकही खाडाखोड न करता, सोडवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा याचं अंकगणित पक्कं आहे. अडत होतं ते शाब्दिक उदाहरणांवर. कुपन म्हणजे काय, हॉटेलात टिप कशाला देतात, हेच त्याला माहीत नव्हतं, आणि आमच्या टक्केवारीच्या उदाहरणांत दुसरं असतं काय?

परीक्षेत त्याला १३० च्या आसपास गुण मिळाले. लाल कार्ड. आठवीतही तो माझ्याकडेच होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला वर्गात बोलवायचे, दोघं आपापला डबा खायचो आणि मी त्याला एकेका उदाहरणातले शब्द समजावायचे. पुढच्या वर्षी १७८. एका वर्षात जवळजवळ पन्नास गुण. माझ्या हातून याहून चांगलं शिकवणं झाल्याचं मला आठवत नाही. भिंतीवरचं कार्ड लालच राहिलं. कायद्याच्या हिशेबात त्या मुलाने वर्षभर काही केलंच नव्हतं, मीही काही केलं नव्हतं, आणि शाळेचा टप्पा चुकला. त्याला निदान जेवणाची सुट्टी तरी मिळाली. पिवळ्यांच्या मागे धावताना त्या दोन वर्षांत मी इतर सतरा लाल कार्डं बाजूला ठेवली. त्यांची नावं मला पाठ आहेत.

आमच्याकडे रंगीत कार्डांवर भागलं. अटलांटात शिक्षक आणि मुख्याध्यापक खोडरबर घेऊन बसले आणि मुलांची चुकलेली उत्तरं बरोबर करू लागले. २००९ च्या परीक्षेत चुकीचं खोडून बरोबर केलेल्या उत्तरांचं प्रमाण इतकं होतं की राज्याला चौकशी लावावी लागली. २०११ च्या अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ जणांची नावं आली, ३५ जणांवर आरोप ठेवले गेले, एप्रिल २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. त्या शिक्षकांना मी पाठीशी घालत नाही. ज्या मुलाला वाचता येत नव्हतं त्याच्या नावावर ‘येतं’ असं लिहिलं गेलं आणि त्याला मिळायची ती मदत बंद झाली, यापेक्षा मोठी फसवणूक कुठली? पण डोनाल्ड कॅम्पबेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच सांगून ठेवलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगाल तितका तो आकडा नासतो आणि ज्याचं मोजमाप करायचं होतं तेही नासतं. ताप किती आहे यावर नर्सचा पगार ठरू लागला तर थर्मामीटर गार पाण्यात बुडणारच.

एवढं सगळं पाहूनही मी परीक्षेच्या बाजूची आहे, आणि यावरून स्टाफ रूममध्ये माझं बऱ्याच जणांशी पटत नाही. २००२ च्या कायद्याने एक गोष्ट अशी केली की तिच्याबद्दल मी कायम ऋणी राहीन. निकाल गटवार जाहीर करणं सक्तीचं केलं: काळी मुलं, लॅटिनो मुलं, गरीब घरातली, अपंग, इंग्रजी शिकत असलेली. त्याआधी एखाद्या सधन टाऊनची शाळा सरासरीच्या पांघरुणाखाली स्पेशल एज्युकेशनच्या चाळीस मुलांना बिनदिक्कत विसरू शकत होती. ती सरासरी उलगडून बघणं भाग पडलं. आजार मोजणं बरोबरच होतं. मोजून झाल्यावर औषध द्यायच्या जागी दंड ठोठावला, तिथे चुकलं.

पुढचं झटपट सांगते. ओबामांच्या काळात २००९ मध्ये ‘रेस टू द टॉप’ नावाने राज्याराज्यांत ४३५ कोटी डॉलरची स्पर्धा लावली गेली, आणि शिक्षकांचं मूल्यमापनही मुलांच्या गुणांवर टांगलं गेलं. २०१० मध्ये कॉमन कोअर (कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याचा सामायिक आराखडा) आला, चाळीसहून अधिक राज्यांनी तो घेतला, आणि उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी तो झोडपला गेला. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दर पाच मुलांमागे एकाच्या पालकांनी परीक्षेला बसवायला नकार दिला. त्याच डिसेंबरमध्ये नवा कायदा आला. त्यात परीक्षा राहिल्या, कारवाई काय करायची ते राज्यांवर सोपवलं. पिवळ्या कार्डांची भिंत आमच्याकडून तेव्हा गेली. खोलीत आता नवं कॉपी मशीन आहे.

देशभरातल्या नमुन्यावर घेतली जाणारी नेप नावाची एक परीक्षा आहे. तिच्यात कुठल्याही मुलाचा किंवा शाळेचा निकाल लागत नाही, कुणाची नोकरी जात नाही, म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवता येतो. २०२४ च्या नेपमध्ये आठवीतली ३३ टक्के मुलं वाचनात ‘बेसिक’ पातळीच्याही खाली निघाली. असा आकडा या परीक्षेत आजवर आला नव्हता. म्हणून शाळांची काळजी करणारे लोक उगाच आरडाओरडा करतात असं मी म्हणणार नाही. पण याच नेपमध्ये मिसिसिपी चौथीच्या वाचनात २०१३ ला खालून दुसरा होता आणि २०२४ ला पहिल्या दहांत आला. हे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. काय केलं त्यांनी? अक्षर-ध्वनी पद्धतीने वाचन कसं शिकवायचं याचं प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, मागे पडलेल्या शाळांत वर्गात जाऊन शिक्षकाशेजारी उभ्या राहणाऱ्या कोच नेमल्या, आणि तिसरीत वाचता आलं नाही तर मुलाला वर ढकलायचं नाही असं ठरवलं. या शेवटच्या अटीवर वाद आहे, आणि आठवीचं चित्र अजून एवढं उजळ नाही. तरी दहा वर्षं एकच गोष्ट चिकाटीने धरून ठेवली. कोचचं काम मीही अलीकडे दोन वर्षं केलंय. दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून, तास संपल्यावर ‘त्या मुलीने हात वर केला होता, तुम्ही बघितलं नाही’ हे त्याला न दुखावता सांगणं किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. बातमीत येईल असं त्यात काही नसतं.

आता स्कूल चॉइसबद्दल, म्हणजे शाळा निवडायच्या मुभेबद्दल.

चार्टर स्कूल म्हणजे खासगी शाळा नव्हे. सरकारी पैशावर चालणारी, बिनफीची, पण डिस्ट्रिक्टच्या बऱ्याच नियमांतून मोकळी असलेली शाळा. १९८८ मध्ये ही कल्पना देशापुढे उचलून धरली ती शिक्षक संघटनेच्याच अध्यक्षांनी, अल्बर्ट शँकर यांनी. त्यांच्या मनात होती शिक्षकांनी चालवलेली प्रयोगशाळा, जिथे जमलेलं इतर शाळांना शिकवता येईल. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला. पुढे त्याला स्पर्धेचं रूप आलं आणि शँकर स्वतःच विरोधात गेले. चार्टर चांगल्या की वाईट, हा प्रश्न मला ‘हॉटेलं चांगली की वाईट’ यासारखा वाटतो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चार्टरमध्ये प्रवेश लॉटरीने होतो; बॉस्टनमध्ये ही लॉटरी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा लागलेली मुलं खरोखरच बरीच पुढे गेली होती. ही तुलना मी मानते, कारण दोन्हीकडचे पालक फॉर्म भरणारेच होते. स्टॅनफर्डच्याच एका संशोधन केंद्राच्या २०२३ च्या देशव्यापी अभ्यासात चार्टरची मुलं सरासरीने वाचनात वर्षाला १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे निघाली. तोच अभ्यास सांगतो की ऑनलाइन चार्टरची मुलं गणितात १२४ दिवस मागे होती. कुणी तुम्हाला घरबसल्या चार्टर सुचवलं तर हात जोडा.

न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या कॅटरिना वादळानंतर जवळजवळ सगळ्या शाळा चार्टर झाल्या. गुण वाढले, पदवीधर वाढले, हे खरं आहे. सात हजारांवर शाळा कर्मचाऱ्यांना काढून टाकलं गेलं, त्यात शहरातल्या काळ्या मध्यमवर्गाचा कणा असलेल्या अनुभवी शिक्षिका होत्या, हेही तितकंच खरं आहे. आपल्या राज्यातलं नेवार्क घ्या. २०१० मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी १० कोटी डॉलर जाहीर केले, तेवढेच इतरांकडून उभे राहिले. त्यातले सुमारे २ कोटी सल्लागारांकडे गेले. काही वर्षांनी हार्वर्डच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा मुलांची इंग्रजीतली प्रगती वाढलेली दिसली, गणितात ठळक फरक नव्हता. दरम्यान शाळा बंद होण्याच्या भीतीने पालक इतके चिडले की २०१४ ची महापौराची निवडणूकच या प्रश्नावर लढली गेली.

चॉइसच्या कुठल्याही योजनेला मी एकच प्रश्न विचारते. फेब्रुवारीतल्या मंगळवारी, इंग्रजी न येणारा, भूकंपातून आलेला मुलगा दारात उभा राहिला तर त्याला कोण घेतं? लॉटरी पुढच्या सप्टेंबरसाठी असते, तिचे फॉर्म कित्येक महिने आधी भरायचे असतात, आणि कितीतरी चार्टर वर्षाच्या मध्यात रिकामी जागा भरत नाहीत. त्याच्या मावशीने सकाळी सव्वाआठला आमच्या ऑफिसात कागद दिले, साडेनऊला तो माझ्या वर्गात होता. हे काम करणारी शाळा सगळ्यांनी मिळून सांभाळायला हवी. चार्टरमध्ये गेलेल्या प्रत्येक मुलामागे डिस्ट्रिक्टला आपल्या दरडोई खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम चार्टरला द्यावी लागते, आणि वेगवेगळ्या इयत्तांतून तीस मुलं गेली म्हणून आमची बस, बॉयलर किंवा वर्गशिक्षक कमी होत नाहीत. पैशाची गळती मात्र होतेच.

व्हाउचर ही त्यापलीकडची गोष्ट: खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रिडमन यांनी १९५५ मध्ये मांडलेली कल्पना १९९० मध्ये मिलवॉकीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उतरली. ती आणली पॉली विल्यम्स या काळ्या, डेमोक्रॅट आमदार बाईंनी, गरीब घरच्या मुलांसाठी. पुढे उत्पन्नाची मर्यादा सैल होत गेली तेव्हा त्यांनीच नाराजी बोलून दाखवली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लीव्हलँडच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी धार्मिक शाळांसाठीही व्हाउचर चालतात असं ठरवलं. २०२२ मध्ये ॲरिझोनाने ही योजना सगळ्यांनाच खुली केली, वर्षाला साधारण ७,००० डॉलर. सुरुवातीच्या अर्जदारांत बहुसंख्य मुलं आधीपासूनच पब्लिक स्कूलबाहेर होती. टेक्सासने २०२५ मध्ये १०० कोटी डॉलरचा कायदा केला. लुइझियानात व्हाउचर घेऊन गेलेली मुलं पहिल्याच वर्षी गणितात ठळकपणे मागे पडली, बहुधा ज्या शाळांत जागा रिकाम्या होत्या त्या पालकांनीच सोडलेल्या होत्या म्हणून. खासगी शाळा मुलाला नाकारू शकते. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना मिळालेले हक्क तिथे बहुधा दारातच सोडावे लागतात. लोकांना थेट विचारलं तर ते काय म्हणतात तेही बघा: नोव्हेंबर २०२४ मध्ये केंटकी, नेब्रास्का आणि कोलोरॅडो या तिन्ही राज्यांत मतदारांनी नकार दिला. यातली पहिली दोन पक्की रिपब्लिकन राज्यं आहेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर न्यू जर्सीत आज राज्याची व्हाउचर योजना नाही. २०२७ पासून केंद्राची जी नवी करसवलत येतेय ती शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांना पैसे देणाऱ्या देणगीदाराला, १,७०० डॉलरपर्यंत, आणि त्यात सामील व्हायचं की नाही हे प्रत्येक राज्य ठरवणार. तिच्यासाठी घराचा निर्णय थांबवू नका.

खरी, सर्वांत जुनी स्कूल चॉइस तुम्ही आत्ता करताय ती: घर कुठे घ्यायचं. इथे शाळेचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, आणि न्यू जर्सीत वर्षाचं सरासरी बिल सुमारे १०,००० डॉलर आहे. १९७३ मध्ये टेक्सासमधल्या एका गरीब डिस्ट्रिक्टच्या पालकांनी ही विषमता सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही, असं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. म्हणून लढाई राज्यांच्या न्यायालयात गेली. आपल्याकडे ॲबट खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ गरीब डिस्ट्रिक्टना श्रीमंत डिस्ट्रिक्टइतका पैसा आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना फुकट, दर्जेदार बालवाडी द्यायला लावली. मी त्या ३१ पैकी एकात शिकवते. त्या बालवाडीतून आलेली मुलं सहावीत माझ्याकडे येतात तेव्हा अपूर्णांक ऐकून घाबरत नाहीत. सुधारणांच्या सगळ्या यादीतून मला एकच ठेवायची मुभा असती तर मी ही ठेवली असती. तिच्याबद्दल कुणी ओरडून भांडत नाही, म्हणून तुमच्या कानावर ती आलेली नसणार.

आता ५ रेटिंगवाल्या शाळेचं काय करायचं ते. राज्याचं शिक्षण खातं प्रत्येक शाळेचा वार्षिक परफॉर्मन्स रिपोर्ट प्रसिद्ध करतं, फुकट मिळतो. त्यात ‘ग्रोथ’ असं पान आहे. तिथे मुलाची तुलना आधी त्याच्यासारखेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांशी केलेली असते. शाळेचा मधला आकडा ४० ते ६० च्या दरम्यान असेल तर नेहमीची वाढ, ६० च्या वर असेल तर तिथे कुणीतरी मनापासून शिकवतंय. ९ रेटिंगवाल्या शाळेचंही हेच पान उघडा. तिथे ४५ आणि ५ वाल्या शाळेत ६२ असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय. मग दहा टक्क्यांहून जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, आणि शिक्षक त्या डिस्ट्रिक्टमध्ये किती वर्षं टिकतात ते बघा. शिक्षक दरवर्षी बदलत असतील तर रेटिंग कितीही असो, मला काळजी वाटेल. गणिताचा रस्ता विचारा: आठवीत अल्जिब्रा मिळतो का, आणि तिथे पोचायचं हे सहावीतल्या एकाच चाचणीवर ठरतं की मधेही संधी असते. काउंटीच्या मॅग्नेट अकॅडमींची (निवडक मुलांना घेणाऱ्या सरकारी हायस्कूलांची) प्रवेश परीक्षा आठवीत असते. आपले लोक तिच्यासाठी सहावीपासून क्लास लावतात. मुलीला मनापासून आवडत असेल तर जरूर द्या, पण आत्ताचं घर त्यावर ठरवू नका.

टेस्ट मुलीला देऊ द्या. एप्रिल-मेमधले थोडे दिवस आहेत, तयारीचे क्लास लावायची गरज नाही. निकालाचा कागद येईल त्यावर एक आकडा असेल, तो इयत्तेच्या अपेक्षेइतका आहे का ते त्यावरून कळेल. पहिल्या वर्षी इंग्रजीत तो थोडा कमी आला तर घाबरू नका, एका वर्षानंतर तो कुठे सरकतो ते बघा. आणि तुमची मुलगी बसली नाही तर नव्याने आलेल्या मुलांचं त्या शाळेत काय होतं, हे मोजणारा आकडा एका मुलीने कमी होईल.

घर ठरवायच्या आधी एकदा शाळेत जाऊन या, आधी फोन करून, मुलीला बरोबर घेऊन. ऑफिसात बसलेल्या बाईंना विचारा, वर्षाच्या मधेच इंग्रजी न येणारं मूल आलं तर पहिल्या दिवशी त्याला कोण भेटतं. त्यांनी एखाद्या माणसाचं नाव घेतलं, आणि तो कुठल्या खोलीत बसतो ते हात करून दाखवलं, तर ५ रेटिंगवाल्या टाऊनमध्ये घर घ्या.